आधी ढोरायचा डॉक्टर, मंग समुद्र

देवराव भाऊजी कोणत्याही नव्या गावात उतरले की देवळाचा रस्ता विचारत नाहीत, जेवणाचंही विचारत नाहीत. पहिला प्रश्न एकच : "ढोरायचा डॉक्टर कुठी बसते?"

सिंदी रेल्वे या गावी आमच्या नात्यात लग्न होतं. नवरीचा बाप मांडवाच्या तोंडाशी हात जोडून उभा, आणि भाऊजींनी त्याला नमस्कार करायच्या आधी हेच विचारलं. बिचारा घाबरला. "काऊन जी, काय झालं?"

"काई नाई झालं. झाल्यावर पुसत बसावं का?"

जनावरांचा दवाखाना डोळ्यांनी पाहून आले, तेव्हा कुठे अक्षता हातात घेतल्या.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून आहे. आर्वी डेपोला एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले, पण देवराव काही गाडीतून उतरले नाहीत, असं आमचे मास्तर म्हणतात. मास्तर म्हणजे माझे यजमान. जन्म शाळेत गेला त्यांचा. भाऊजींनी लग्न केलं नाही. घरात ते आणि एक तांबूस कुत्री. तिचं नाव सवारी. नोकरी संपत आली होती तेव्हा ती आर्वीला त्यांच्या गाडीत शिरली, मागच्या सीटखाली झोपली आणि वर्धा आलं तरी उतरेना. ड्रायव्हर म्हणाला, हाकला. भाऊजी म्हणाले, "आपल्या गाडीत बसली, म्हंजे आपली जबाबदारी." आणि घरी घेऊन आले.

आता त्या जबाबदारीचं काय सांगू बाई! मला माझ्या बीपीच्या गोळीची आठवण राहत नाही. त्यांना तिच्या जंताच्या गोळीची राहते. फिरवून आणलं की बोटांच्या बेचक्या तपासतात, कानामागे गोचीड शोधतात. उन्हाळ्यात तिला बाहेर काढायच्या आधी चप्पल काढून स्वतःचा पाय डांबरावर ठेवतात. चटका बसला की जाहीर करतात, "गाडी रद्द!" ती मुकाट्याने घरात परत.

मी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. यंदा मास्तरांनी कोकणात न्यायचं कबूल केलं, तसे भाऊजीही तयार झाले. सवारी तर आलीच. आमच्या गाडीत मागे ते दोघं. टपाला आतून दोन थापा म्हणजे चला, एक थाप म्हणजे थांबा. पहिल्या दिवशी मास्तर चिडले, "देवराव, ही एसटी नाई." दुसऱ्या दिवशी त्या दोन थापा पडेपर्यंत मास्तरांचाच पाय क्लच सोडेना.

रस्त्यात दोनदा मुक्काम करत आम्ही त्या गावात पोहोचलो. वळण घेतलं आणि नारळांच्या मागे तो दिसला. मी तर हातच जोडले. एवढं पाणी! पलीकडचा काठच नाही! आपल्याकडची नदी वैशाखात पाहणाऱ्या माणसाने काय करावं? तेवढ्यात टपावर थाप. एकच.

"मास्तर, थांबा. ढोरायचा डॉक्टर कुठी बसते, ते पाहू."

"भाऊजी, समुद्र समोर आहे!" मी म्हटलं.

"तो कुठी चालला? डॉक्टर जाऊ शकते."

दवाखाना सापडला, बंद होता. रविवार. आम्हाला वाटलं, झालं. पण हा माणूस शेजारच्या किराणा दुकानात शिरला : "दवाखाना बंद असला त डॉक्टरचं घर कुठी?" डॉक्टरीणबाई जवळच एका वाडीत राहतात, दाराशी फणसाचं झाड आहे, एवढं कळल्यावर मग खोली, मग समुद्र. मास्तर आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. हसायचं ते तेवढंच हसलो.

आपल्या भागातली एक रीत आहे. रानातून येताना ओढा लागो, नदी लागो, आधी जनावराला पाजायचं, मग आपण प्यायचं. भाऊजी शेतकऱ्याच्या घरचे. धाम नदीवर गेले तरी आधी ओंजळ भरून सवारीच्या तोंडाशी धरतात, "पी माय." ती त्यांच्या ओंजळीतलं कधीच नाकारत नाही.

त्याच दुपारी ऊन तापलेलं, सवारी ओल्या वाळूवर लाटांशी धावून धावून दमलेली. मास्तर मला भरती-ओहोटी समजावत होते. मी मागे वळून पाहते, तर भाऊजी पाण्यात गुडघाभर उभे, डोळे पार क्षितिजाला लागलेले, पापणीसुद्धा हलत नव्हती. आणि ओंजळ सवारीच्या तोंडाशी. एक संपली की दुसरी.

"भाऊजी! खारं आहे ते!"

त्यांनी आपल्या हाताकडे असं पाहिलं, जसा तो दुसऱ्याचाच असावा.

खोलीवर येईस्तोवर सवारीला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. मग मागचे पाय लटपटायला लागले. मास्तर गोंधळून मोबाइल चाळत बसले, तर रेंज नाही. भाऊजींनी तिला खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "मास्तर, फणसाचं झाड."

डॉक्टरीणबाई जेवत होत्या, ताटावरून उठल्या. ओटीवर खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली बांधली. तरुण पोर, पण हात कसे शांत!

"समुद्राचं पाणी प्यायलीय का, काका?"

"प्याली नाई, मी पाजलं. समुद्र खारा असते हे मले चौथीतच माईत झालतं, डॉक्टर. पन हात आयकते का?"

"नाव काय हिचं?"

"सवारी." आणि मग, "तिचं उतराचं गाव नाई आलं अजून, डॉक्टर. पाह्यजा."

बाईंनी सवारीच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "लवकर आणलंत म्हणून बरं. आता गोडं पाणी द्या, पण एकदम भांडं भरून नाही. थोडं थोडं, थांबून थांबून. पुन्हा लटपटली किंवा झटका आला, तर दार ठोठावा. माझ्या जेवणाचा विचार करू नका."

ती दुपार आणि ती संध्याकाळ मी विसरणार नाही. खोलीच्या पडवीत भाऊजी मांडी घालून बसले. मांडीवर सवारी, हातात माझ्या चहाच्या डब्यातला चमचा. एक चमचा पाणी, मग थांबायचं. पुन्हा एक चमचा. त्यांच्या पाठीमागे सूर्य कुंकवासारखा लाल होऊन समुद्रात उतरत होता, ज्याच्यासाठी आम्ही अर्धा महाराष्ट्र ओलांडून आलो होतो. आणि हा माणूस त्याला पाठ करून चमचाभर पाण्याकडे बघत होता. मी समुद्र बघावा की यांना, मला कळेना. खरं सांगते, यांनाच पाहिलं.

दिवेलागणीला सवारीने स्वतःहून चमचा चाटला आणि शेपटी एकदा जमिनीवर आपटली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, कारण नसताना.

"भाऊजी," मी म्हटलं, "पोटच्या पोरासाठी कोणी करत नाही इतकं."

त्यांनी आणखी एक चमचा पाणी दिलं. मग तिच्या कानामागे बोट फिरवत म्हणाले, "वहिनी, जिंदगीभर मी मानसं उतरवली. थांबा आला की घंटी मारली, दार उघडलं, चालले. कोनं मांगं वळून नाई पाह्यलं, आन काऊन पाहावं? ज्याचं त्याचं गाव येते. ही एकटीच अशी भेटली, की जिले उतराचंच नव्हतं."

परत येताना भाऊजींनी थापा मारल्या, पण हलक्या हाताने. सवारी झोपली होती.

बोरगावला गाडी दारात लागली. मी उतरले, मास्तर उतरले. सवारीने डोळे उघडले, आपलं अंगण पाहिलं, जांभई दिली आणि डोकं पुन्हा भाऊजींच्या मांडीवर टेकवलं.

"देवराव, शेवटचा थांबा आला," मास्तर म्हणाले. "उतरा आता."

भाऊजी हलले नाहीत. मी मास्तरांच्या बाहीला धरून त्यांना आत नेलं आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं, मुद्दाम जास्त पाण्याचं, सावकाश उकळेल असं. बाहेर सगळं शांत होतं. मग गाडीच्या टपाला आतून थाप पडली, झोपलेल्या सवारीला जाग येऊ नये इतकी हलकी.

एकच.