इंगोलेभाऊंचं बिनफोडणीचं वरण

सदाशिव इंगोले कुणालाही भेटले की रामराम घालण्याआधी म्हणत, "बाही वर करा जरा." समोरचा माणूस गोंधळून बाही वर करी आणि इंगोलेभाऊ चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या दंडावरचे देवी टोचल्याचे वण पाहत. वाशीमला नवे तहसीलदार आले तेव्हा आम्ही ऑफिसची मंडळी हार घेऊन गेलो होतो. इंगोलेभाऊंनी हार घातला आणि लगेच त्यांनाही बाही वर करायला लावली.

"आपल्या वऱ्हाडातलं काम नाई हे," वण न्याहाळत ते म्हणाले. "घाईत टोचलं कोणी तरी. पण लस लागली हाये. चिंता नाई."

तहसीलदारांना चिंता कधीच नव्हती. तरी त्यांनी बिचाऱ्यांनी मान डोलावली.

इंगोलेभाऊ आरोग्य खात्यात देवी टोचायच्या कामावर होते. खेड्यापाड्यांत त्यांना 'देवी डॉक्टर' म्हणत. मी त्याच खात्याच्या वाशीमच्या ऑफिसात कारकून. पन्नास सालानंतरची ती वर्षं. आमचा जिल्हा अकोला, वरचे साहेब नागपूरला. मग राज्यांची फेररचना झाली आणि ते वरचे साहेब एकाएकी मुंबईला गेले. नागपूरला जी माहिती आम्ही तीनदा पाठवली होती, ती मुंबईने चौथ्यांदा मागवली. मी चिडलो की इंगोलेभाऊ समजूत घालत. "खातं लय मोठं हाये बापा. त्याले एकदम कसं याद राहीन?" त्यांना स्वतःला एकाही वरच्या साहेबाने कधी पाहिलं नव्हतं. पण खात्याबद्दल ते असं बोलत की जणू घरातलं एखादं विसराळू पण मायाळू वडीलधारं माणूस.

लस काचेच्या बारीक नळ्यांमधून यायची आणि उन्हाने खराब व्हायची. इंगोलेभाऊ नळ्यांचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून छोट्या मडक्यात ठेवत, आणि मोटारीत बसायला जागा मिळाली की तिथे मडकं ठेवून स्वतः उभे राहत. कंडक्टर कुरकुरला तर सांगत, "सरकारी पाहुणी हाये. मी उभा राहातो ना तिच्यापायी." केनवड गावापर्यंत असं उभं जाताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे.

पोहरादेवीच्या यात्रेला लोक देवीच्या दर्शनाला जात आणि हे पोरांच्या दंडांच्या. गर्दीत एखादी बाई खोटंच म्हणे, "मांगच्या साली तुमीच तं टोचलं याले." इंगोलेभाऊ त्या पोराचा कोरा दंड दोन्ही हातांत धरून म्हणत, "मी टोचलेलं लेकरू मी इसरत नसतो बाई. बस खाली." आणि बाई खरोखरच खाली बसे.

आता त्यांच्या वरणाबद्दल. आमच्याकडे घरात कुणाला देवी आली की चुलीवर फोडणी बंद. तेल-मोहरी तडतडलेली देवीला खपत नाही, असं सगळ्या बाया मानत. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा आणि वरण-भात नुसता खायचा. पोराला देवी टोचली तरी ती आलीच म्हणायची, म्हणून टोचल्यावरही आठ दिवस हेच पाळणं. बाया पाळत ते ठीक. पण इंगोलेभाऊ स्वतःही पाळत. टोचणीचा हंगाम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत चाले, आणि तेवढे सगळे महिने हा माणूस फोडणीला शिवत नसे. पाटलाच्या पंगतीला असो की सोयऱ्याच्या लग्नात, ताटात नुसतं वरण. त्यांच्या मंडळी, अनसूयावहिनी, महिन्यातून दोनदा आमच्या घरी गप्पा मारायला येत आणि लसणाच्या फोडणीचं वरण पोटभर जेवून जात. "लेकरं गावाची अन् उपास माह्या घरी," असं म्हणत त्या आणखी एकदा वाढून घेत.

एका हिवाळ्यात जिल्ह्याहून नवे इन्स्पेक्टर आले. तरुण, हुशार, भराभर इंग्रजी लिहिणारे. ते इंगोलेभाऊंबरोबर केनवडला गेले. पाटलाकडे जेवायला बसल्यावर इंगोलेभाऊंनी नुसतं वरण मागून घेतलं. इन्स्पेक्टरांनी कारण विचारलं, तर पाटीलच कौतुकाने सांगू लागला, "आमचे देवी डॉक्टर पाळतात ना साहेब. म्हनून तं आमच्या बाया लेकरं लपवत नाईत. याह्यच्या पुढं आपून आणून बसवतात."

इन्स्पेक्टरांनी या बोलण्याचा पहिलाच भाग ऐकला. शास्त्रीय काम करणारा सरकारी नोकर अंधश्रद्धेला उत्तेजन देतो, असा रिपोर्ट त्यांनी लिहिला आणि तो आमच्याच ऑफिसच्या टपालातून वर गेला. इंगोलेभाऊंकडून सात दिवसांत लेखी खुलासा मागवला गेला. तो समाधानकारक नसला तर त्यांना दौऱ्यावरून काढणार होते. दुसऱ्या कुणाला हे बरंच वाटलं असतं, सावलीतलं टेबल मिळालं म्हणून. पण इंगोलेभाऊंचा जीव गावोगावच्या दंडांमध्ये अडकलेला. ते कागद हातात घेऊन माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी म्हणालो, "घाबरू नका. पोटाच्या विकारामुळे फोडणी वर्ज्य, असं लिहून टाकू. कोण तपासतंय?"

"माहं पोट चांगलं हाये," इंगोलेभाऊ म्हणाले.

"अहो, पण खरंच मानता का तुम्ही हे? लस कशाने लागते ते तुम्हाला माहीत नाही?"

"लसीनंच लागते. थे काय मले कळत नाई?" मग चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "नोकरीचं पयलं साल होतं. रिसोडाकडच्या एका खेड्यात एक लेकरू टोचलं. आठव्या दिवशी दंड पाह्याले गेलो तं लेकरू दोन दिवस आंधीच गेलेलं. गावात हगवण चालू होती, तिच्यानं गेलं. माह्या टोचण्यानं नाई. डॉक्टरांनी बी तसंच सांगतलं. पण त्या माऊलीनं टोचल्यापासनं चुलीवर तेल चढवलं नव्हतं. ते रडली नाई, शिव्या देल्ल्या नाईत. मले फकस्त इतकंच इचारलं, 'मी तं पाळलं बापा. तुमी आणली देवी, तुमी पाळलं का?'"

मी लेखणी खाली ठेवली.

"त्या सकाळीच तिथल्या पाटलाकडं वांग्याची भाजी खाऊन आल्तो," ते म्हणाले. "लसणाची फोडणी होती. माह्या तोंडाचा वास येऊन राह्यला होता तिले."

मी म्हणालो, हेच लिहू या, साहेबही माणूसच आहे. त्यांनी माझ्या हातून कागद ओढून घेतला. "नाई. त्या बाईले कायले खात्याच्या फाईलीत घालता?" आणि स्वतःच्या ठसठशीत अक्षरात एकच ओळ लिहून दिली: 'हंगामात मी फोडणी खात नाही हे खरे आहे.'

खुलासा अर्थातच समाधानकारक ठरला नाही. पुढच्या कार्तिकात इंगोलेभाऊंना माझ्या शेजारचं टेबल मिळालं आणि दौऱ्यावर ढवळे नावाचा नवा तरुण जाऊ लागला. इंगोलेभाऊंनी त्याला मडक्याला फडकं कसं बांधायचं ते दाखवलं, कुठल्या गावात कोणत्या घरापासून सुरुवात करायची ते सांगितलं, आणि मोटार सुटेपर्यंत स्टँडवर उभे राहिले. मग येऊन मुकाट्याने रजिस्टरं उतरवू लागले. मला त्या इन्स्पेक्टरांचा राग आला, खात्याचा आला, आणि टपालात तो रिपोर्ट मीच घातला होता म्हणून स्वतःचाही आला.

दुपारी आम्ही डबे उघडले. माझ्या डब्यात मेथीची भाजी होती. इंगोलेभाऊंच्या डब्यात भात आणि नुसतं पिवळं वरण.

"इंगोलेभाऊ," मी म्हणालो, "आता तर तुम्ही टोचत नाही. आता कशाला?"

त्यांनी भात कालवता कालवता दाराबाहेर, केनवडच्या रस्त्याकडे पाहिलं.

"ढवळ्या टोचून राह्यला ना. जवान पोरगा हाये, चार घरी जेवीन, त्याच्यानं काई पाळणं व्हत नाई," ते म्हणाले. "अन् एखांद्या मायनं त्याले इचारलं तं?"