भिकाजीकाकांचं नाक

इन्सुलिनला वास असतो. दवाखान्याच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखा, कडवट आणि थंड. भोसरीच्या हवेत जळकं तेल आणि लोखंडाचा कीस कायमचा मुरलेला. त्यातूनही हा वास निवडून काढणारं नाक मी एकच पाहिलं. ते आमच्या शेजारच्या भिकाजीकाकांचं.

काका निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर. उभा जन्म गिअरचे दात तपासण्यात गेला. कंपनी सुटली, तपासणी सुटली नाही. चहा असो, कोथिंबिरीची जुडी असो, निकाल तीनपैकी एक: रिजेक्ट, रिवर्क किंवा होल्ड. आईच्या पुरणपोळीला, "रिवर्क. कडा जाड हायेत." वरच्या मजल्यावरच्या लग्नात तर अक्षता टाकता टाकता त्यांनी नवरदेवाला होल्डवर ठेवलं होतं. 'ओके' हा चौथा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता.

माझ्या कमरेला पंप लागला आणि काकांना नवं मशीन मिळालं. दंडावरचा सेन्सर साखर मोजतो, त्याप्रमाणे पंप पोटावरच्या नळीतून आपोआप इन्सुलिन सोडतो, हे मी समजावलं.

"आपोआप? ऑटोवर टाकलेल्या मशीनकडं पाठ करायची न्हाई, पोरी."

मग रोज, शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की दारात हजर. "रीडिंग?" दर तीन दिवसांनी मी पंप भरायला बसे, तेव्हा तर ते खुर्चीच ओढून जवळ बसत.

अशात मला राजगुरुनगरच्या कॉलेजात नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं, तिथंच खोली घेऊन राहायचं, एकटीनं. आईनं अट घातली, "भिकाजीभाऊजी ओके म्हणू देत, मग खुशाल जा."

ज्यांनी नवरदेव पास केला नव्हता, त्यांच्या हाती माझी नोकरी. तो आठवडा मी खिडकी ते दार, दार ते खिडकी अशी येरझारा घालत काढला. रोज एकच निकाल: होल्ड.

शुक्रवारी साखर चढू लागली. दोनशे, अडीचशे, तीनशे. पंप म्हणत होता, इन्सुलिन जातंय. मीही म्हटलं, पोह्यांचा परिणाम असेल. काका आले आणि उंबऱ्यातच थबकले. नाकपुड्या फुलल्या.

"लीकेज."

"काका, स्क्रीनवर सगळं बरोबर आहे."

"स्क्रीनला नाक हाय का?"

पोटापाशी कुर्ता ओला होता. चिकटपट्टीखालून नळी निसटलेली, आणि पंप इमानेइतबारे कुर्त्याला इन्सुलिन पाजत होता. मी इन्सुलिनच्या पेननं इंजेक्शन घेतलं, नळी बदलली. आता रिजेक्ट, एवढंच मनात.

"तुम्हाला हा वास कसा कळला, काका?"

ते घरी गेले आणि मोजमापाच्या हत्यारांची पेटी घेऊन आले. मखमलीच्या खाचेत, जिथं मायक्रोमीटर असायला हवा, तिथं इन्सुलिनची रिकामी कुपी होती. काकूंना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"हिला सकाळची सुई मीच द्यायचो, मग कंपनीत. दुपारपतूर हाताला वास ऱ्हायचा." कुपीचं रबरी बूच त्यांनी नाकाशी नेलं. "आता उडत चाललाय."

खुर्ची जवळ का ओढली जायची, ते मला तेव्हा कळलं.

रविवारी मी पुन्हा पंप भरला. ते पेटी मांडीवर घेऊन शेजारी बसले होते, आई दारात उभी. चिकटपट्टी दाबून बसवली, नळीच्या जोडावरून बोट फिरवलं आणि नकळत ते नाकाशी नेलं. कोरडं. माझी कुपी त्याच भरण्यात संपली होती. ती मी काकांच्या हातात ठेवली.

त्यांनी ती जुन्या कुपीशेजारी ठेवली. पेटीचं झाकण लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"ओके."