ताईंचा जबडा, बाइंडरचा ब्लेंडर

ताईंचा जबडा मोडला तो एका नाडीपायी. वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना समोरून एक शाळकरी मूल वर येत होतं आणि त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. "नाडी बांध, पडशील!" असं सांगायला ताई वळल्या. मूल सुखरूप वर पोहोचलं. ताई मात्र उरलेल्या चार पायऱ्या हनुवटीवर उतरल्या.

डॉक्टरांनी त्यांचे वरचे आणि खालचे दात बारीक तारांनी एकमेकांना बांधून टाकले आणि त्यांच्या धाकट्या भावाला बाजूला घेऊन बजावलं, "सहा आठवडे फक्त पातळ, तेही नळीने. तारेत कण अडकला तर ताप होईल. आणि वजन घटता कामा नये. घटलं तर नाकातून नळी घालावी लागेल."

भाऊ त्रेपन्न वर्षांचा होता आणि पुस्तकं बांधायचा. सगळे त्याला बाइंडर म्हणत. त्याला दुसरं काही नाव असेल असं कुणाला वाटत नसे. आई-वडील वर्षभराच्या अंतराने गेले तेव्हा तो अकराचा होता आणि ताई वीसच्या. पुढे ताई शिक्षिका झाल्या, मुख्याध्यापिका झाल्या, निवृत्त झाल्या. भाऊ-बहीण एकाच घरात राहिले आणि बोलायचं खातं कायम ताईंकडेच राहिलं. दाराची घंटा वाजली की ताई बोलत, फोन आला की ताई बोलत. बाइंडरचे केस किती कापायचे हे ताईंनी न्हाव्याला बेचाळीस वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं आणि न्हाव्याच्या मुलानेही ते आजवर मोडलं नव्हतं. बाइंडर मुका नव्हता. त्याच्यावर बोलायची पाळी आली नव्हती, इतकंच.

तारा असूनही दातांच्या फटीतून थोडंफार बोलता आलं असतं. पण पस्तीस वर्षं पोरांचे 'न' आणि 'ण' सुधारलेल्या बाईला बोबडं बोलणं मंजूर नव्हतं. बाइंडरने उरलेल्या कागदांची एक जाडजूड वही बांधून दिली, ताईंनी आपली लाल पेन्सिल काढली, आणि घरात पहिल्यांदाच शांतता झाली.

पहिल्या दिवशी बाइंडरने घरातल्या जुन्या मिक्सरमध्ये केळं, खजूर आणि दूध फिरवलं. पहिल्याच घोटाला नळीत खजुराचा धागा अडकला. ताईंनी वहीत लिहिलं : "२/१०. गाठी. पुन्हा करा." दुसऱ्या दिवशी सफरचंदाची साल अडकली. तिसऱ्या दिवशी ताई वजनकाट्यावर उभ्या राहिल्या. दीड किलो गेलं होतं. बाइंडर तडक दुकानात गेला.

"ब्लेंडर हवाय," तो विक्रेत्याला म्हणाला.

"स्मूदीसाठी की सूपसाठी?"

"ताईसाठी."

"बरं, ताईंना काय आवडतं?"

बाइंडरने विचार केला. "शिस्त," तो म्हणाला.

विक्रेता मुरलेला होता. त्याने तीन यंत्रं ओळीने मांडली. बाइंडरने तिन्हींच्या पात्यांवरून अंगठा फिरवला. एका दाबात दोनशे कागद कापणारं यंत्र रोज हाताळणारा माणूस तो. त्याचा चेहरा उतरला. "बोथट आहेत."

"साहेब, हे कापत नाही, ठेचतं. यात धारेपेक्षा जोर बघायचा. आणि जार बघा, खाली निमुळता. म्हणजे सगळं फिरून फिरून पात्याखालीच येतं. आधी दूध घालायचं, मग मऊ फळं, कडक वस्तू शेवटी. हा छोटा, एका माणसाला पुष्कळ. हा मधला, कुटुंबाला. आणि हा तिसरा हॉटेलवाले नेतात. तुम्हाला नाही लागायचा."

"यात कण राहतो?"

"यात? दगड टाकला तरी राहणार नाही."

"खरंच?"

"म्हणजे वॉरंटी राहणार नाही. पण दगडही राहणार नाही."

बाइंडरच्या डोळ्यांसमोर नाकातली ती नळी आली. त्याने तिसरा उचलला.

घरी आल्यावर त्याने ते धूड ओट्यावर ठेवलं, सांगितल्या क्रमाने दूध, केळं आणि ओट्स घातले, झाकण दाबलं आणि बटण फिरवलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. चमचे स्टँडमधून एकेक करत बाहेर पडू लागले. स्मूदी मात्र रेशमासारखी झाली. ताईंनी ती एका दमात ओढली आणि "७/१०" लिहिलं. बाइंडरला जन्मात कधी सात मिळाले नव्हते. तो त्या आकड्याकडे बघत उभा असतानाच दार धडधडलं.

दारात खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई उभ्या होत्या. रात्रपाळी करून आलेल्या, केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले.

"भाऊ, घरात विमान उतरवलंत का?"

"ब्लेंडर," बाइंडर म्हणाला.

"आत्ता कुठे डोळा लागला होता हो! ताईंसाठी आहे म्हणून बोलत नाही काही. पण याचं तोंड कसंतरी बंद करा."

वस्तू गुंडाळण्याच्या बाबतीत बाइंडरचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने यंत्राखाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड तुकडा घातला. जाड पुठ्ठ्याचं खोकं करून त्याच्यावर बसवलं, त्यावर दोन घोंगड्या आवळून बांधल्या. जणू मोठ्या ग्रंथाला कापडी बांधणी घातली. बाहेर फक्त बटण आणि वरचं झाकण राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नर्सबाई पांढऱ्याशुभ्र गणवेशात कामावर निघाल्या होत्या, त्या ताईंच्या तारा बघायला वर डोकावल्या. बाइंडरने त्यांना थांबायची खूण केली. त्याला आपली कारागिरी दाखवायची होती. त्याने जारमध्ये दूध, केळं, ओट्स आणि वर पालकाची मोठी जुडी घातली आणि बटण फिरवलं. आतून फक्त मधमाशीसारखी गुणगुण आली.

"वा! मानलं तुम्हाला," नर्सबाई म्हणाल्या.

मिनिटभराने गुणगुण थांबली. जळक्या रबराचा वास आला.

"तापला वाटतं तो. घोंगड्यांत तुम्ही तरी किती वेळ पळाल?"

बाइंडरने घाईघाईने घोंगड्या सोडल्या, खोकं उचललं, यंत्राला गार वारा लागू दिला. मग मिश्रण कितपत बारीक झालंय हे बघायला झाकण काढलं. तो वाकला. नर्सबाई वाकल्या. मागून ताईही येऊन वाकल्या. बटण बंद करायचं मात्र तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

मोटर गार झाली आणि तिने राहिलेलं काम पुढे सुरू केलं.

पुढची चार सेकंदं स्वयंपाकघरात हिरवा स्फोट चालू होता. बाइंडरच्या चष्म्याच्या दोन्ही काचा रंगल्या. छतावर एक मोठा हिरवा ठिपका उमटला आणि तिथून थेंब थेंब ताईंच्या अंबाड्यावर गळू लागला. नर्सबाईंनी प्लग उपटला तेव्हा त्यांच्या गणवेशावर पांढरी जागा शोधावी लागत होती.

ताई ओट्याला धरून वाकल्या होत्या. त्यांचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाकातून चमत्कारिक आवाज येत होता. बाइंडरने चष्मा काढून फेकला.

"ताई! ताई, श्वास घे! घशात गेलं का? बघा ना हो तिला! कुणी सांगितलं होतं तुला त्या पोराच्या नाडीत नाक खुपसायला? जगातल्या सगळ्या नाड्या बांधायचा मक्ता तुझ्याकडे दिलाय का कुणी? पडलं असतं ते पोर, रडलं असतं, घरी गेलं असतं! तुला काही झालं तर मी कुणाकडे बघू? मला दूध कधी उतू जातं तेसुद्धा कळत नाही, मी कधी बघितलंच नाही, तू बघत होतीस म्हणून! ऐकतेस का?"

"भाऊ," नर्सबाई म्हणाल्या, "त्या गुदमरत नाहीयेत. हसतायत."

दोन्ही तळव्यांनी गाल घट्ट आवळून ताई खुर्चीवर बसल्या. लाल पेन्सिलीने त्यांनी लिहिलं : "हसवू नका. दुखतं." आणि खाली : "स्मूदी ०. भाषण १०/१०."

नर्सबाई कपडे बदलून अर्धा तास उशिरा रुग्णालयात पोहोचल्या. उशिराचं कारण विचारल्यावर त्या घाईत "पालक" एवढंच म्हणाल्या. सहीचं पान पुढे करत वरिष्ठ बाई म्हणाल्या, "आले असतील तर येणारच उशीर. किती दिवस आहेत?"

बाइंडरने छत पुसलं, नर्सबाईंची माफी मागितली, आणि घोंगड्या कपाटात गेल्या. तोडगा साधा निघाला. नर्सबाई दुपारी साडेचारला उठत. यंत्र पाचला सुरू व्हायचं आणि एक पेला त्यांनाही जायचा. सकाळची स्मूदीही आदल्या दिवशी पाचलाच करून फ्रिजमध्ये ठेवली जाई. ताईंचं वजन थांबलं, मग हळूहळू वर सरकलं.

पण एकदा फुटलेला बांध पुन्हा बांधला गेला नाही. गाजर सोलता सोलता बाइंडर बोलू लागला. आधी गिऱ्हाइकांबद्दल, मग कागदाबद्दल, मग न्हाव्याबद्दल. "ताई, मला ना, केस जरा मोठे ठेवून बघायचेत," तो एकदा म्हणाला आणि स्वतःच दचकला. ताईंनी लिहिलं : "बघ."

आणि काही गोष्टी तो ब्लेंडर चालू असतानाच बोले. ताईंकडे पाठ, समोर गरगरणारं केळं, आणि कानठळ्या बसवणारा आवाज. त्या आवाजाच्या आडोशाला त्याला धीर यायचा.

"सातवीत तूच मला नापास केलंस," एके दिवशी तो केळ्याला म्हणाला. "राग आला होता मला. पण फाटकी पुस्तकं मी चिकटवून ठेवायचो ते तूच बघितलंस आणि माझा हात धरून मला बाइंडिंगच्या कारखान्यात नेलंस. माझं डोकं सगळ्यांनी बघितलं, हात फक्त तू बघितलेस. मी कधी बोललो नाही. आज बोलतो."

पाचव्या आठवड्यात त्याने यंत्राचा वेग मुद्दाम सर्वांत वरचा ठेवला.

"तुला बघायला ते गृहस्थ आले होते, आठवतं? मी बारा वर्षांचा होतो. मला ताप भरला म्हणून तू त्यांना परत पाठवलंस. ताई, तो ताप नव्हता. मी थर्मामीटर चहात बुडवला होता. तू गेलीस तर माझं कसं होणार म्हणून. एक्केचाळीस वर्षं हे माझ्या छातीवर आहे. तू संसार केला नाहीस, कारण तो होण्याआधीच मी मोडला. मला क्षमा कर." त्याने बटण बंद केलं, डोळे पुसले आणि पेला घेऊन वळला. ताई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी गुण दिले नाहीत.

सहा आठवडे पुरे झाले त्या दिवशी बाइंडरने काम बंद ठेवलं. मधल्या तपासण्यांना नर्सबाईच ताईंना रुग्णालयात नेत असत, पण तारा निघताना त्याला स्वतः हजर राहायचं होतं. डॉक्टरांनी ताईंचा जबडा चाचपला, मान डोलावली आणि म्हणाले, "उत्तम. आता काहीही चावा."

"आणि तारा?" बाइंडरने विचारलं. "तारा कधी काढणार?"

डॉक्टरांनी फाइल उलटून पाहिली. "तारा तर दोन आठवड्यांपूर्वीच काढल्या. हाड छान जुळलं होतं. मऊ खा, भरपूर बोला, असं सांगितलं होतं मी यांना."

"पण ती काल संध्याकाळीसुद्धा नळीने प्यायली! लिहून दाखवलं तिने!"

ताईंनी घसा साफ केला. "बाळ," त्या म्हणाल्या. 'ळ' अगदी स्वच्छ होता. "मी तोंड उघडलं असतं तर तुझं बंद झालं असतं."

एकेक गोष्ट आठवून बाइंडरचे कान तापू लागले. "म्हणजे... ब्लेंडर चालू असताना..."

"मधल्या सुट्टीच्या गोंगाटात मागच्या बाकावरची कुजबुज ऐकायचे मी. ब्लेंडरचं काय घेऊन बसलास!"

"आणि ते थर्मामीटरचं?"

"त्यावर एकशे आठ ताप होता रे. एकशे आठ तापाचा मुलगा बिस्किटं खात नाही." ताईंनी त्याचा हात हातात घेतला. "ते गृहस्थ मलाच नको होते. जेवताना ते आपल्या आवाजाची स्वतःच तारीफ करत होते. काका-मामांना नाही कसं म्हणावं कळत नव्हतं, तेवढ्यात तुला ताप भरला. देवासारखा धावून आला तो ताप! तुझे आभार मानायचे एक्केचाळीस वर्षं राहून गेलं, कारण आभार मानले असते तर तू पुढे प्रत्येक परीक्षेला तेच केलं असतंस."

परतताना त्यांनी टॅक्सी केली. बाइंडरला वाटलं आता ताई बोलतील. ताई बोलल्या नाहीत. पहिल्या सिग्नलला त्याने चालकाला डावीकडे घ्यायला सांगितलं, मग तो रस्ता का चांगला हे सांगितलं, तिथून त्याच्या कारखान्याच्या मालकाकडे गोष्ट गेली, आणि पूल येईपर्यंत पुठ्ठ्याच्या तीन जाती सांगून झाल्या होत्या.

चालकाने आरशातून मागे पाहिलं. "बाई, हे तुम्हाला बोलूच देत नाहीत की हो!"

"मला डॉक्टरांनी मनाई केलीय," ताई खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि भावाला म्हणाल्या, "हं, मग चौथी जात कुठली?"