पुलावर अडकलेली बाई

दिव्यानीची योजना इतकी बिनचूक होती की तिच्यात बिघडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. निदान ऊर्जानगरहून सासरी जाताना, मांडीवर छोटी आचल आणि पायाशी पिशव्या सांभाळत, एसटीच्या खिडकीशी बसून ती स्वतःला तसंच सांगत होती. महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा, त्यामुळे आसपासचं प्रत्येक गाव घरी असतं. सासरच्या गावात बायकांचा बचत गट आहे. गटातल्या प्रत्येक बाईकडे मोबाईल आहे. आणि अमेरिकेतल्या एका प्रकाशकाला मोबाईल नंबर हवे आहेत. यात अवघड ते काय?

अमेरिकेचं हे प्रकरण आधी सांगायला हवं. जपानात लाइट नॉव्हेल नावाचा एक प्रकार असतो. खिशात मावेल एवढं पुस्तक, मधूनमधून मोठ्या डोळ्यांची चित्रं, आणि नाव ग्रामपंचायतीच्या ठरावाएवढं लांब. चंद्रपूरच्या कॉलेजात असताना होस्टेलमधल्या रोशनीनं दिव्यानीला हे खूळ लावलं. लग्न झालं, भूपेशच्या वीज केंद्रातल्या पाळ्या तिच्याही झोपेला लागल्या, आचल झाली, पण खूळ गेलं नाही. उलट बाळंतपणात ती एका पुस्तकात अशी अडकली की अजून सुटली नव्हती. त्याचं नाव होतं, ‘कांद्याची पात आणायला गेले आणि दुसऱ्या जगात पोचले, तरी रात्रीच्या जेवणाआधी घरी परतायचंच आहे’.

नावातच गोष्ट आली म्हणा. एक आई लहान पोरीला शेजारणीकडे ठेवून पात आणायला निघते आणि भाजीच्या दुकानाच्या दारातून थेट राक्षसांच्या मुलखात जाऊन पडते. तीन भाग ती घराकडे चालते आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी ती दोरांच्या पुलावर मधोमध उभी आहे, पलीकडे तिच्याच स्वयंपाकघरातला दिवा दिसतो आहे आणि मागचा दोर तुटायला आला आहे. पुढचं जपानीत निघालं, इंग्रजीत नाही. पहिले तीन भाग कोणी एक हौशी माणूस इंग्रजी करून फुकट नेटवर टाकायचा. त्याला नोकरी लागली आणि त्यानं त्या आईला पुलावर सोडून दिलं. चौथ्या भागाचं एक पान दिव्यानीनं मोबाईलकडून भाषांतर करून घेतलं. मोबाईल म्हणाला, ‘आईने पूल शिजवला आणि तो खारट होता.’

तुम्ही हसाल. पण दिव्यानीला हसू येत नव्हतं. एक तर ती मुळात काळजीच्या कापडाचीच. आचल निजली की नाकापुढे बोट धरून बघणार, आचल उठली की एवढ्या लवकर का उठली म्हणून कपाळाला हात लावून बघणार. त्यात ही पुलावरची बाई. आचलला घरी ठेवून दळण आणायला गेली, तर गिरणीच्या दारात ती एक पाय बाहेरच ठेवून उभी राही. न जाणो.

तर तो अमेरिकेतला प्रकाशक अधूनमधून वाचकांना विचारायचा, की बाबांनो, या पाच जपानी पुस्तकांपैकी कोणतं इंग्रजीत आणू? या खेपेला पाचांत पातवाली आई होती. एका मोबाईल नंबराला वर्षातून एक मत. दिव्यानीनं आपलं दिलं, भूपेशचं त्याला न विचारता दिलं, आणि मग तिला बचत गट आठवला.

गावात तिचा शब्द चालायचा, त्याला कारण होतं. बायकांच्या सरकारी योजना आल्या तेव्हा सगळ्या गावाचे अर्ज तिनंच आपल्या मोबाईलवरून भरले होते आणि बहुतेकींचे हप्ते आले होते. तेव्हापासून ती सुगंधाबाईची फॉर्मवाली सून. तिनं नुसतं म्हणायचं, एक फॉर्म भरायचा आहे; बायका आधार कार्ड घेऊनच बाहेर यायच्या.

गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पळसाखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गट तिथं जमला. एका हातात आचलचा फ्रॉक घट्ट धरून, कारण बाजूला पाणी, दिव्यानीनं दुसऱ्या हातानं नंबर टाकायला सुरुवात केली.

गटाच्या अध्यक्ष प्रेमिलाबाई पदाला शोभेलसं विचारत्या झाल्या, “काय भेटते यात?”

“पुस्तक निघेल. इंग्रजीत. अमेरिकेतून.”

“ते बराबर हाय. पन भेटते काय?”

इथं खरं तर सगळी गोष्ट सांगायची जागा होती. पण जपानातली एक बाई पात आणायला गेली आणि राक्षसांत सापडली, हे भर उन्हात, धुणं टाकून आलेल्या बायकांपुढे सांगायला दिव्यानीची जीभ रेटेना. बीएस्सी झालेली सून, एका पोरीची आई, आणि हे! ती म्हणाली, आत्ता काही मिळत नाही, पुढे बघू. बायकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. आधीच्या योजनेतही आधी काही मिळालं नव्हतं.

दुपारपर्यंत गटाची मतं पडली. दिव्यानीनं भूपेशला फोन लावून विजयाची बातमी दिली. त्यानं विचारलं, लोकांना सांगितलंस ना, कशाचा फॉर्म आहे ते? सांगितलं की, पुस्तकाचा, ती म्हणाली. भूपेश फक्त “हं” म्हणाला. भूपेशचं हं बॉयलरमधल्या बारीक शिट्टीसारखं असतं. तेव्हाच लक्ष द्यायला हवं, पण कोणी देत नाही.

दुसऱ्या दिवशी दिव्यानी अंगणात आली तर शेजारच्या टोल्यावरच्या, म्हणजे पलीकडच्या वस्तीवरच्या, बायका ओट्यावर बसलेल्या. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधारची झेरॉक्स, पासबुक आणि दोन फोटो. एकीनं खबरदारी म्हणून सासऱ्याचा मृत्यूचा दाखलाही आणला होता. सुगंधाबाई मोठ्या पातेल्यात चहा टाकून सांगत होत्या, “माही सून हाय न, डायरेक अमेरिकेत भरते.”

दिव्यानीनं जीव तोडून सांगितलं, की अशी काही योजना नाही. बायकांनी चहा घेतला, तिचं ऐकून घेतलं आणि तिथून उठून सरळ पोचूकडे गेल्या.

पोचूचं ग्रामपंचायतीसमोर, तिथल्याच केबलच्या इंटरनेटवर चालणारं ऑनलाइन केंद्र. फॉर्मवाल्या सुनेमुळे त्याचं गिऱ्हाईक तुटलं होतं, तो संधीच बघत होता. प्रेमिलाबाईंनी फॉर्मची लिंक गटाच्या ग्रुपवर टाकलेली. तिथून ती त्याच्याकडे पोचायला कितीसा वेळ? दिव्यानी आचलला कडेवर घेऊन धावत गेली, तोवर दारात पाटी लागली होती, ‘अमेरिका योजना. अर्ज भरणे चालू आहे.’ रांग पार हापशीपर्यंत.

“पोचूभाऊ, ही योजना नाही हो.”

“मले माहीत हाय बाई,” पोचू स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला. “मी वाचलं न. पन मले काऊन सांगता, लोकायले सांगा.”

दिव्यानी रांगेकडे वळली. म्हणाली, यात पैसे नाहीत, काही मिळायचं नाही, उगाच उन्हात उभ्या राहू नका. रांग तिच्याकडे दयेनं बघत राहिली. सगळ्यांत पुढे धुरपताबाई होती, काठी टेकत आलेली. तिनं शांतपणे विचारलं, “तुवा आपल्या नावाचा भरला का नाई?”

“भरला, पण...”

“सासूचा?”

“भरला.”

“मंग आमचाच काऊन अडवून राह्यली माय?”

रांग एक पाऊल पुढे सरकली आणि दिव्यानी दोन पावलं मागे.

पोचू तसा कामात चोख. त्यानं पाचही पुस्तकांची चित्रं धुरपताबाईपुढे धरली आणि बाई, तुमीच सांगा, यातलं कोनतं पायजे, असं विचारलं. एकावर अजगर होता, एकावर तलवार, एकावर शाळेच्या गणवेशातली पोरगी, एकावर पुलावरची आई. पाचव्यावर भाताची हिरवीगार बांधी, गुडघाभर चिखल आणि त्यात वाकून रोपांचा रोवणा करणारा एक माणूस. धुरपताबाईचं बोट थेट तिथं गेलं. “हे धान कोनाचं?”

पोचूला ते इंग्रजी नाव झेपेना. त्यानं दिव्यानीकडे पाहिलं. सगळ्या रांगेनं पाहिलं. शिकलेल्या माणसाची हीच पंचाईत, विचारलं की सांगावं लागतं. दिव्यानी पडेल आवाजात म्हणाली, “मेल्यावर दुसऱ्या जगात शेतकरी झालो, आणि आता राजाच माझ्या दारी धान मागायला येतो.”

धुरपताबाईनं काठीवर रेलून चित्र जवळून पाहिलं.

“सोता राजा येते? दारात?”

“हो.”

“त्याले लाव,” ती पोचूला म्हणाली.

मागच्या बाईनं तेच लावलं. तिच्या मागचीनंही. जे पहिलीनं लावलं ते सोडून दुसरंच लावून आपला अर्ज बाद करून घ्यायला कोणी खुळं नव्हतं. खाली एक चौकट होती, ‘हे पुस्तक तुम्हाला का हवं आहे?’ पोचूनं तिचं मराठी केलं, “अडचन सांगा.” अडचणींना काय तोटा? पोचू एकेक ऐकायचा, मोबाईलकडून इंग्रजी करून घ्यायचा आणि अमेरिकेला धाडायचा. संध्याकाळपर्यंत पंचक्रोशी धाडून झाली.

दिव्यानी यात्रा अर्धी सोडून ऊर्जानगरला परतली. नंतर कितीतरी दिवस अनोळखी नंबर वाजला की ती आधी आचलला कडेवर घ्यायची आणि मगच फोन उचलायची. सायबर पोलीस असतील. अमेरिकेची वकिलात असेल. जेलमध्ये लहान मूल सोबत नेऊ देतात का, हेही तिनं नेटवर बघून ठेवलं. प्रत्यक्षात फोन यायचे ते क्रेडिट कार्डवाल्यांचे, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी कोणी इतक्या आनंदानं बोलत होतं.

निकाल लागला तो वैशाखात. दिराच्या साखरपुड्याला ती गावी आली होती आणि रेंजसाठी पाळीवर गेली होती. प्रकाशकानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की मध्य भारतातून मिळालेल्या अभूतपूर्व प्रतिसादामुळे आम्ही धानवालं पुस्तक इंग्रजीत आणत आहोत, सगळेच्या सगळे भाग. खाली एका वाचकाचं पत्र चौकटीत छापलं होतं. ‘तीन हंगाम झाले, रानडुकरं माझं धान खाऊन जातात. साहेब येतात, बघतात, जातात. कृपा करून राजाला कळवा. धुरपता.’ आणि त्याखाली प्रकाशकाचे शब्द होते, कथेत इतका बुडालेला वाचक आम्ही आजवर पाहिला नव्हता.

पातवाल्या आईचा नंबर शेवटचा. आता तिला पुन्हा कोणी विचारेल तेव्हा खरं. दिव्यानी पळसाखाली बसली. डोळे भरून आले आणि हातातला आचलचा फ्रॉक सुटला, ते तिलाच कळलं नाही. आचलनं ते पाहिलं आणि घरी जाऊन आजीला सांगितलं, आई तलावापाशी रडते. पाणी आणि रडणारी सून हे दोन शब्द एकत्र ऐकून सुगंधाबाई कणकेच्या हातानं धावत आल्या. त्यांना धावताना पाहून प्रेमिलाबाई, आणि प्रेमिलाबाईंमागे अख्खा गट.

“काय झालं? भूपेश काई बोलला?”

दिव्यानी नाही म्हणाली. मग काय झालं? आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिव्यानीनं सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पात, दुकानाचं दार, राक्षस, शेजारीण, पूल, पलीकडचा दिवा. कोणी हसलं नाही. आचल आजीच्या मांडीवर बसून तोंड उघडं टाकून ऐकत होती.

सुगंधाबाईंनी विचारलं, “ते बाई अजून पुलावरच हाय?”

“हो.”

“आन् पोट्टी?”

“शेजारणीकडे.”

“जेवली का नाई?”

“माहीत नाही आई. तेच तर पुढच्या भागात आहे.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. प्रेमिलाबाईंना राग आवरेना. “मंग हे सांगाले काय झालतं तुले? पुस्तक, पुस्तक करून राह्यलती. पुस्तक कोनाले पायजे? बाई अडकून हाय म्हनली असती तं मी त्या पोचूच्या दारात खुर्ची टाकून बसली असती. धुरपतानं राजा सोडला असता.” त्यांनी कमरेचा मोबाईल काढला. “चाल. पुन्हा भर. आनू तिले घरी.”

भराभर सगळ्यांचे मोबाईल निघाले. दिव्यानीनं पाहिलं, प्रकाशकाची नवी विचारणा खरंच सुरू झाली होती आणि मागे पडलेल्यांत पातवाली पुन्हा होती. पण तिचा चेहरा उतरला.

“उपयोग नाही हो. एका नंबराला वर्षातून एकच मत. तुमचे सगळ्यांचे वापरून झाले. आणि बाकी पंचक्रोशीचे पोचूभाऊनं संपवले.”

मोबाईल खाली आले. तलावात कोणाचंसं जाळं पडल्याचा आवाज झाला. सुगंधाबाई मात्र ग्रामपंचायतीच्या ओट्याकडे बघत होत्या. तिथं गावातले सगळे पुरुष पत्ते खेळत बसले होते, आणि प्रत्येकाच्या सदऱ्याच्या खिशात एकेक मोबाईल चमकत होता. बायकांच्या योजनेच्या रांगेत त्यांना कोणी उभंच केलं नव्हतं.

“या माणसायचे नंबर हाय न,” सुगंधाबाई म्हणाल्या.

दिव्यानी डोळे पुसून उठली. एकदा ठेच लागली होती, आता तसं होऊ द्यायचं नव्हतं. आचलचा फ्रॉक धरून, पदर खोचून ती म्हणाली, “थांबा आई. या खेपेला मी त्यांना आधी सगळी गोष्ट नीट समजावून सांगते.”

“काई सांगू नोको,” सुगंधाबाई म्हणाल्या. “फॉर्म हाय म्हनून सांग.”