यशोदाबाई का गेल्या?

सिनेमा संपून दिवे लागले आणि जोतिरामअण्णांना पहिला प्रश्न विचारला तो त्यांच्या होणाऱ्या व्याह्यांनी. "पाव्हणं, वैनी घर सोडून का गेल्या?"

जोतिराम हसले. "आवो, सिनेमा हाय की त्यो."

"ते कळलं," सदलग्याचे मारुतीराव म्हणाले. "पण घर तुमचं, माग तुमचा, वैनी तुमच्याच आणि मागाफुडं उभारल्यालं बी तुम्हीच. मग ह्यात सिनेमा कुठला म्हणायचा?"

यावर जोतिराम बायकोला शोधू लागले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. यशोदाबाई मैत्रिणींच्या घोळक्यात हसतखिदळत होत्या. घर सोडून गेलेली बाई इतकी खूश दिसावी हेही जरा अडचणीचंच होतं.

या सगळ्याच्या मुळाशी होता रविराज, जोतिरामांचा भाचा. पुण्याला जाऊन तो सिनेमा काढायला शिकला होता आणि शिकून झाल्यावर कॅमेरा घेऊन सीमाभागातल्या वडगावात मामाच्या दारात उतरला होता. "मामा, मला नट नको. खरी माणसं पाहिजेत," तो म्हणाला. खरी माणसं म्हणजे फुकटची माणसं, हे विणकरांच्या गल्लीत कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. तरी भाचाच तो, नाही कसं म्हणायचं? आणि नवल म्हणजे यशोदाबाईंनीही लगेच मान डोलावली.

सिनेमाचं नाव 'रिकामा धोटा'. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर धावतो तो. जवळच्या कॅम्प भागातल्या एका हॉलमध्ये त्याचा पहिला खेळ ठरला. जोतिरामांनी अख्खी गल्ली बोलावली आणि वर सदलग्याच्या पाव्हण्यांनाही आवतण दिलं. जोतिरामांच्या लेकीचं, सौम्याचं, मारुतीरावांच्या आदर्शशी जमत आलं होतं. पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलं होतं, सुपारी तेवढी फुटायची होती. सासरा पडद्यावर झळकतोय म्हटल्यावर वजन वाढेल, असा जोतिरामांचा हिशेब. याला आपल्यात हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

कारण सिनेमात काही घडतच नव्हतं. सुरुवातीला नळ ठिबकत होता, तो बराच वेळ ठिबकला. मग यशोदाबाईंनी लसूण सोलला, सगळा गड्डा. जोतिराम पॉवरलूम चालवत राहिले. एक मांजर आलं, त्याला गोष्टीत काही काम नसावं, ते गेलं. गल्ली डुलक्या खाऊ लागली. शेजारचे आण्णाप्पा तर घोरायलाच लागले.

आणि मग पडद्यावर, मागावरचा एक धागा तुटला.

अख्खा हॉल खडबडून जागा झाला. झोपेतल्या विणकरालासुद्धा तुटलेला धागा दिसतो. "धागा गेला रं! माग थांबीव की!" आण्णाप्पा उभे राहून ओरडले. पण पडद्यावरचे जोतिराम ढिम्म. रविराजनं त्यांना तसं बजावूनच ठेवलं होतं. कापडावर चर पडत चालला तशी माणसं हळहळू लागली, बायका तोंडाला पदर लावून बसल्या. असलं काळीज पिळवटणारं दृश्य गल्लीनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

त्याच वेळी पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात यशोदाबाईंनी खुंटीवरची बॅग काढली, चपला घातल्या, बाहेर पडल्या आणि मागं वळूनही न बघता बसमध्ये चढल्या. गल्लीतल्या एकाही माणसाला ते दिसलं नाही. पण सदलग्याचे पाव्हणे पडले ऊसवाले, त्यांना धाग्याचं काय! त्यांनी बाई जाताना पाहिली.

"बरं, होगली बिडी," मारुतीराव चप्पल शोधत म्हणाले. कानडीत 'जाऊ द्या' म्हणणारा माणूस काहीही जाऊ देणार नसतो, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. "सुपारीचं घरात इचारून कळिवतो."

जोतिरामांनी रविराजला कोपऱ्यात गाठलं. "तुजी मामी का गेली ते सांग आदी."

"मामा, कारण नाहीच. ती जाते. बस्स."

"आरं, म्हस दावं तोडती तर कायतर कारण असतंय! माणूस उगंच जातंय व्हय?"

"ते प्रेक्षकानं शोधायचं असतं, मामा."

"प्रेक्षक शोधाय लागलाय की! सदलग्याचा हाय त्यो, आन् माज्या पोरीचं लगीन आडलंय!"

सिनेमानं कारण दिलं नाही म्हणून काय झालं, पाव्हण्यांचा प्रश्न ऐकलेल्या गल्लीनं दिलं. जोतिराम चोरून पितात, असं आधी निघालं. ते फारसं कुणाला पटलं नाही. मग जोतिरामांनी पिरनवाडीत दुसरं घर केलंय, असं निघालं. ते मात्र सगळ्यांना एकदम पटलं. जोतिराम पिरनवाडीला शेवटचे गेले होते ते कुणाच्या तरी बारशाला. पण आठवड्याच्या आत मारुतीरावांचा फोन आला, "पाव्हणं, पिरनवाडीचं काय ऐकाय येतंय?"

सौम्या जेवेना. आदर्शचे फोन यायचे आणि ती माडीवर जाऊन रडायची.  शेवटी जोतिरामांनी तोडगा काढला. सिनेमाच्या शेवटाला एक तुकडा जोडायचा, यशोदाबाई भाजीची पिशवी घेऊन परत येतात आणि म्हणतात, "बाजारला गेलते." झालं! मग सदलग्याच्या पाव्हण्यांना सिनेमा पुन्हा दाखवायचा. रविराज आधी "माझा सिनेमा मारताय तुम्ही" म्हणून भांडला, पण आईनं डोळे वटारल्यावर तयार झाला.

तयार होईनात त्या यशोदाबाई.

"मी खोटं न्हाय बोलणार," त्या म्हणाल्या.

"आगं, सगळा सिनेमा खोटाच हाय की!"

"बाकीचा आसंल. मी गेलेली खरं हुतं."

 यशोदाबाईंनी शांतपणे सांगितलं, "रवीनं सांगितलेलं, फुडच्या स्टॉपला उतरा म्हणून. न्हाय उतरले. बॅग भरल्याली, बसाय खिडकी गावल्याली. तशीच स्टँडवर गेले, निपाणीची गाडी लागल्याली हुती. आक्काकडं गेले. दोन रोज ऱ्हायले, तिसऱ्या दिशी आले."

"आन् मी?"

"तुमास्नी सौम्या वाढत हुती. तुम्ही जेवत हुतासा."

जोतिरामांना अंधुक आठवलं. "मला वाटलं, शूटिंग चालू हाय."

"तेच की." यशोदाबाईंनी पदर खोचला. "धागा तुटला तर तुमास्नी पाठमोरं असून कळतंय. मी गेलेली कळलं न्हाय. वाईट वाटलं मला. आल्यावर म्हणलं इचारतील, तर तुम्ही म्हणलासा, च्या टाक."

  चहा मागितल्याचं तर जोतिरामांना चांगलंच आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी ते माग चालवत होते खरे, पण लक्ष लागत नव्हतं. सकाळीच एक धागा तुटला. सवयीनं हात तिकडं गेला आणि कोण जाणे का, नजर वर गेली. खुंटीवर बॅग नव्हती.

जोतिरामांनी माग बंद केला आणि होते तसे दारातून बाहेर पडले.

"अण्णा, धागा तुटलाय!" आण्णाप्पा मागून ओरडले.

"तुटू दे!" जोतिराम म्हणाले. हे वाक्य त्या गल्लीत त्याआधी कुणी उच्चारलं नव्हतं.

निपाणीला आक्कांच्या दारात पोचले तेव्हा स्वयंपाक अजून चुलीवरच होता. कट्ट्यावर यशोदाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, चहाची बशी तोंडाला लावून, शालूबाई. म्हणजे मारुतीरावांच्या मंडळी, खुद्द वराची आई! त्यांच्याही पायाशी एक बॅग होती.

"या पाव्हणं," शालूबाई म्हणाल्या. "सिनेमा बगून आल्यापास्नं आमच्यात त्योच इषय. मी म्हणलं, मी आशी गेले तर तुमास्नी कवा कळंल? तर आमचं हे म्हणलं, जेवायच्या वक्ताला. मग फोन केला तुमच्या मंडळीस्नी. म्हणलं, चला, बगूया तर कोण कवा येतंय."

यशोदाबाईंनी आत डोकावून घड्याळ पाहिलं. "जेवायच्या आदी आलासा व्हय!" त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. जोतिरामांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. ते त्यांनी प्रवासातल्या धुळीवर ढकललं.

मारुतीराव दुपार कलल्यावर आले. येताना जेवून आले होते.

तोवर बायकांनी सगळं उरकलं होतं. सुपारीचा दिवस ठरला होता, मानपानाचं बोलणं झालं होतं, सौम्याला आणि आदर्शला फोनही गेले होते. "आसल्या आईची पोरगी मला घरात पायजेच," असं शालूबाईंनी नवऱ्याला सुनावलं. कुणाला वठणीवर आणायला पाहिजे, ते मारुतीरावांना कळलं असावं, कारण त्यांनी लगेच मान डोलावली.

पण मनातली रुखरुख काही जाईना. थोड्या वेळानं ते जोतिरामांच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "पाव्हणं, आता घरचंच झालो आपण. पिरनवाडीचं ऱ्हाऊ द्या. पर खरं सांगा, वैनी का गेल्या?"

जोतिरामांनी कट्ट्याकडं पाहिलं. दोघी विहिणी डोकं डोक्याला लावून हसत होत्या आणि दोन्ही बॅगा अजून भरलेल्याच होत्या.

"ते आसं हाय," ते म्हणाले, "प्रेक्षकानं शोधायचं असतंय."