नायक गेला

भाषांतरकाराच्या तीन महिन्यांच्या उमेदवारीचा आज शेवटचा दिवस होता. कायम करण्याच्या कागदावर सहाच्या आत विभागप्रमुखांची सही व्हायला हवी होती. ऑफिसात एरवी कधी दात न काढणारे विभागप्रमुख आज नेमके दात काढायला गेले होते. चारपर्यंत येतो म्हणाले होते, पण दाताचा काय भरवसा?

परदेशी मालिकांच्या संवादांचं भाषांतर करून पडद्याखाली ओळी द्यायच्या, हे त्या ऑफिसचं काम. सकाळीच एक जपानी मालिका आली होती. आपल्याच माणसांनी हाकललेला एक तरुण दुसऱ्या जगात जाऊन पडतो आणि तिथे पराक्रम गाजवतो, अशी काहीशी गोष्ट. ओळीत तीसच अक्षरं बसत असल्यामुळे भाषांतरकाराला एरवीही थोडक्यात लिहायची खोड लागली होती. तपासनीस बाईंनी पहिल्या भागाचा सारांश मागितला. त्याने फोनवर लिहिलं, ‘नायक गेला. सगळ्यांनी टाकलं होतं.’ घाईत ते बाईंऐवजी विभागाच्या ग्रुपवर गेलं. नवी मालिका हाताळताना फोन खणात ठेवायचा नियम होता, तो त्याने लगेच पाळला.

आता गंमत अशी, की विभागप्रमुखांनाही सगळे नायकच म्हणत. ऑफिसच्या नाटकात पन्नाशीला टेकलेल्या या गृहस्थांनी हट्टाने नायकाचं काम केलं होतं, तेव्हापासूनचं हे नाव. भाषांतरकार सोडून ते सगळ्यांना माहीत होतं, खुद्द त्यांनासुद्धा.

पाचच मिनिटांत ध्वनिमुद्रक दारात येऊन उभा राहिला. “कसं झालं हो?”

“ट्रकनं उडवलं,” पडद्यावरची नजर न काढता भाषांतरकार म्हणाला. “दुसऱ्याच मिनिटाला.”

“दवाखान्यात नेलं नाही?”

“कशाला? डोळे मिटले ते थेट दुसऱ्या जगातच उघडले.”

“आणि घरचे?”

“सुटलो म्हणाले.”

“निदान आज तरी ‘गेले’ लिहायचं होतं,” ध्वनिमुद्रक म्हणाला. “‘गेला’ काय?”

भाषांतरकाराने पडद्यावरची नजर काढली. इथे नायकाला अहोजाहो करतात, हे तीन महिन्यांत त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटच्या दिवशी एवढी चूक! तो घाईघाईने ओळी बदलायला बसला. ‘चालता हो’ म्हणणारा राक्षस ‘आपण चालते व्हा’ म्हणू लागला आणि अक्षरं तिसाच्या पार गेली. कापाकापी करता करता त्याला घाम फुटला.

साडेतीनला शिपायाने सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. टेबलावर विभागप्रमुखांचा नाटकातल्या मुकुटासकट फोटो होता आणि समोर स्वागतकक्षातली फुलं. टंकलेखिका डोळे पुसत म्हणाली की माणूस फार मनमिळाऊ होता. अकरा वर्षं हा मनमिळाऊ माणूस एकटाच डबा खायचा, हा विषय कोणी काढला नाही. साहेब गेले हे ऐकून भाषांतरकाराच्या मनात आधी सही आली, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. कोणी कळवलं, असं त्याने हळूच विचारलं. टंकलेखिकेने चमकून त्याच्याकडे पाहिलं आणि फोन पुढे धरला.

ग्रुपवर त्याच्याच नावाने ‘नायक गेला’ होतं आणि त्याखाली साहेबांना श्रद्धांजल्या. बोलावं तर नोकरी जाणार, न बोलावं तर साहेब गेलेलेच राहणार. तेवढ्यात दोन मिनिटांच्या श्रद्धांजलीसाठी सगळे शांत उभे राहिले. पहिलं मिनिट त्याने माफीचं वाक्य तीस अक्षरांत बसवण्यात घालवलं. दुसऱ्या मिनिटाला दार उघडलं आणि सुजलेल्या गालावर रुमाल धरून विभागप्रमुख आत आले. त्यांनी आपल्या फोटोकडे पाहिलं आणि भाषांतरकाराला केबिनमध्ये यायची खूण केली.

ग्रुपवर तेही होते. दंतवैद्याच्या खुर्चीत त्यांनी सगळे त्रेचाळीस संदेश वाचले होते.

“‘गेला’ हे चूक,” ते एका गालाने म्हणाले. “पण सगळ्यांनी टाकलं होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

भाषांतरकाराने अडखळत सगळी मालिका सांगितली. साहेब खाली मान घालून ऐकत राहिले. मग त्यांनी कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले.

“त्या दुसऱ्या जगात त्याला कोणी बरं माणूस भेटतं का हो?”

भेटत होतं, पण बाराव्या भागात. भाषांतरकाराने घड्याळाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, आणि मग त्या सुजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“पहिल्याच भागात भेटतं, साहेब,” तो म्हणाला. “एक दुभाष्या.”

मालिकेत दुभाष्या कुठेच नव्हता. साहेबांनी सही केली, ड्रॉवरमधून आपला तसाच राहिलेला डबा काढला आणि शेजारची खुर्ची त्याच्यासाठी पुढे ओढली.