सॅमकाकांचं मीठ

मटणाचा पहिला घास तोंडात गेला रे गेला, की सॅमकाका टेबलाशी येऊन उभे राहत आणि एकच शब्द विचारत.

“मीठ?”

उत्तर मिळेपर्यंत ते हलत नसत. घास गरम असो, हाडूक दाताखाली असो, नाहीतर घरून तार आलेली असो. खांद्यावर पंचा, हातात डाव आणि नजर थेट तुमच्या तोंडाकडे. निकालाच्या दिवशी शाळेत उभ्या असलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा होई. मी घाईघाईने मान हलवून “बरोबर” म्हणायचो. मग ते “खलास” असं पुटपुटत पुढच्या टेबलाकडे वळत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी रास अल खोरच्या एका वर्कशॉपात सुपरवायझर म्हणून दुबईला आलो. बायको कोल्हापुरात आणि मी बर दुबई भागात, एका खोलीत चौघांबरोबर. पहिल्याच आठवड्यात रूममेटने मला ‘रायगड कॅफेटेरिया’त नेलं. दहा-बारा वर्षांचं हॉटेल. पण दुबईच्या मानाने ते पुरातनच म्हणायचं. आठ टेबलं, भिंतीवर घड्याळ आणि कायम घरघरणारा एसी. आत स्वयंपाकाला अलिबागकडचे सॅमसन आवासकर, म्हणजे सॅमकाका. बाहेर काउंटरवर त्यांचे भागीदार इब्राहीमभाई, श्रीवर्धनचे. दोघं दिवसभर एकमेकांशी भांडत आणि रात्री एकाच टॅक्सीतून घरी जात.

मटण मात्र असं, की सांगून कळायचं नाही. हिरवा मसाला, नारळाचं दाट दूध आणि हाडापासून अलगद सुटणारं मांस. हे मी कोल्हापूरचा असून लिहितोय, यावरून काय ते समजा.

पण ते खायचं तर काकांचे कायदे पाळावे लागत. मटण मागवलं की दही मिळत नसे. ताक नाही, लस्सी नाही, दुधाचा चहा तर नाहीच नाही. दुधाची किटली आणि तिचे कप डावीकडच्या ओट्यावर, मटणाचं पातेलं उजवीकडे. दोघांची गाठ पडलेली मी कधी पाहिली नाही. जेवणानंतर कुणी चहा मागितला की काका म्हणत, “सुलेमानी देतो. बिनदुधाचा. पोटाला चांगला.” पुण्याहून नव्याने आलेला एक अकाउंटंट एकदा दह्यासाठी हटून बसला. काकांनी शांतपणे त्याच्यासमोरची मटणाची ताटली उचलली, तिच्या जागी डाळीची वाटी ठेवली आणि दही आणून दिलं. “आता खा दही,” ते म्हणाले.

कोळंबीचंही तेच. कोकणातला माणूस आणि हॉटेलात कोळंबी नाही? कुणी विचारलंच तर काका म्हणत, “तिला खवले नाहीत.” जणू हा कोळंबीचा वैयक्तिक दोष होता आणि त्यात त्यांना पडायचं नव्हतं.

सगळ्यात कहर म्हणजे शनिवार. तिथे सुट्टी शुक्रवारची. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सडेफटिंग लोक चांगलंचुंगलं खायला बाहेर पडायचो, नेमकं तेव्हा काकांचं शटर खाली यायचं, ते थेट रविवारी सकाळी वर. शटरवर कागद चिकटवलेला असे: ‘आज बंद. रविवारी या. भांडू नये.’ इब्राहीमभाई कपाळाला हात लावत. “शुक्रवारी दुपारी मी नमाजला, सांजपासून हा घरात. धंदा कवा करायचा, हबीबी?”

सॅमसन नाव, म्हणून आम्ही सगळे त्यांना ख्रिश्चन समजत होतो आणि बाकीचा विक्षिप्तपणा त्यांच्या स्वभावाच्या खात्यात टाकून मोकळे झालो होतो.

पाच-सहा वर्षं अशीच गेली. एक दिवस मात्र माझी जीभ घसरली. वर्कशॉपात साहेबाने सगळ्यांसमोर झापलं होतं, डोकं फिरलेलं होतं. त्यात कानाशी आलं, “मीठ?” मी वैतागून म्हटलं, “काका, दुनियेला विचारत फिरण्यापेक्षा एकदा स्वतःच चाखून बघा ना!”

काका डाव तसाच धरून आत निघून गेले.

इब्राहीमभाई काउंटर सोडून माझ्याशेजारी येऊन बसले. हळू आवाजात म्हणाले, “तो चाखत नाय रे. दुबईत आल्यापासून त्यानं हे मटण तोंडात घातलेलं नाय.”

“म्हणजे?”

“शनवार तेली तो. बेने इस्रायल, आपले कोकणातले ज्यू. आमच्या बाजूला गावागावात होते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनवारी बंद ठेवायचे. मटणाबरोबर दूध चालत नाय, बिनखवल्याचं काय चालत नाय, आणि त्यांच्या रीतीनं कापलेलंच मटण ते खातात. इथं कोण हाय तसं कापणारा? मी आणतो ते आपलं हलाल. ते तो तुम्हांला घालतो आणि स्वतः माशावर जेवतो. इथं हे बोलायची सोय नाय, म्हणून बोलत नाय.”

“मग तुम्ही चाखून सांगा की!”

“मला ब्लड प्रेशर,” इब्राहीमभाई म्हणाले. “डॉक्टरनं मीठच बंद केलंय.”

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो, तर काकांनीच मला समजावलं. त्यांच्यात मटण आधी मिठात मुरवून ठेवतात, रक्त निघून जावं म्हणून. मग तीनदा धुतात. “हे काही तुमच्यासाठी गरजेचं नाय,” ते म्हणाले, “पण त्याशिवाय माझा हातच लागत नाय. धुतल्यावर किती मीठ आत राहिलं ते कसं कळणार? म्हणून विचारतो.” त्या दिवसापासून मी घास नीट चावायला लागलो.

पुढे माझी बायको दुबईला आली, मुलगी झाली. मुलगी काकांना ‘सॉल्ट अंकल’ म्हणायची. एके दिवशी काका स्वतः घरी आले. त्यांना हॉटेलाबाहेर मी प्रथमच पाहत होतो. त्यांच्या मुलीचं, रेबेकाचं लग्न ठरलं होतं, ठाण्याला. ती लहानपणापासून तिथे आत्याकडेच वाढली होती.

“लग्नाचं मटण मीच करणार म्हणून कळवून बसलोय,” काका म्हणाले. “तिथं आमचा माणूस कापणार, म्हणजे मीही खाणार. चारशे माणूस.”

“मग उत्तमच की.”

“उत्तम काय? हे मटण सिपोराचं. रेबेकाच्या आईचं. ती गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती. वर्षभरात मी इकडे आलो. तिला करताना बघितलेलं, तेवढ्यावर आणि वासावर वीस वर्षं करतोय. अजून तिच्यासारखं होतं की नाय, मला म्हाईत नाय.”

“सुट्टीत घरी गेल्यावर कधी करून पाहिलं नाहीत?”

“बहीण गॅसजवळ येऊ देत नाय.” मग म्हणाले, “आणि धीर झाला नाय. तसं नसेलच झालं, तर मी इतकी वर्षं इथं काय करत होतो रे?”

सिपोराकाकूंच्या हातचं मी खाल्लेलं नव्हतं. म्हटलं, “काका, निदान मिठाचं तरी पक्कं करू. आणि एक सांगतो, सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी ‘बरोबर’ म्हणायचो ते जेवण गार होऊ नये म्हणून.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जन्मात पुन्हा खोटं बोलणार नाही.

त्यानंतर शुक्रवार-शनिवार सोडून आठ संध्याकाळी मी रायगड कॅफेटेरियात बसलो. काका मटण मुरवत, धूत, शिजवत आणि मी सांगे: खारट, अळणी, किंचित कमी, आता थोडं जास्त. बायको म्हणाली, “रोज मटण खायचं, आणि याला मदत म्हणतात होय?” मुलगी म्हणाली, “पपा, यू स्मेल लाइक सॉल्ट अंकल.” आठव्या दिवशी माप ठरलं. किलोमागे सुलेमानीचा छोटा ग्लास, दुसऱ्या रेघेपर्यंत. तो ग्लास पंच्यात गुंडाळून, हँडबॅगेत ठेवून काका ठाण्याला गेले. शटरवर इब्राहीमभाईंनी कागद लावला: ‘पोरीचं लग्न. दहा दिवस बंद. भांडू नये.’

लग्नाच्या दिवशी दुपारी आमच्याकडे फोन वाजला. मुलीने उचलला आणि ओरडली, “पपा, सॉल्ट अंकल! ही इज ईटिंग!”

मी फोन हिसकावूनच घेतला. मागे पंगतीचा गोंधळ ऐकू येत होता. काका नुसते चावत होते. माझ्याच्याने राहवेना.

“मीठ?” मी विचारलं.

“जास्त झालंय.”

चारशे माणसं आणि माप माझ्या जिभेचं. “काका, माझंच चुकलं. कोल्हापूरची जीभ ही...”

“गप रे. ऐक. सिपोराचंही जास्तच व्हायचं. मी रोज भांडायचो त्यावरून. तेच हाय रे. अगदी तेच हाय.”

मग फोनवर ते रडले आणि इकडे मीही रडलो. मुलीला वाटलं काहीतरी वाईट झालं. तिला समजावताना नाकी नऊ आले.

दहा दिवसांनी शटर उघडलं. पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम गेलो. कुणालाच “मीठ?” ऐकू आलं नाही. शेजारच्या टेबलावर नाशिकहून नवा आलेला एकजण जेवत होता. त्याने बिचकत काकांना हाक मारली. “काका, मीठ जरा जास्त वाटतंय.”

काउंटरवर इब्राहीमभाई दचकून उभे राहिले. काकांनी मात्र खुर्ची ओढली आणि गिऱ्हाइकाच्या टेबलाशी चक्क बसले. असं बसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

“जास्तच असतं,” ते म्हणाले. “माझी बायको असंच करायची. पाणी देऊ?”